चावीवाला

एकतीस वर्षं ह्यांनी पालिकेच्या पाणीखात्यात
भांडुपच्या रस्त्याखालचे वॉल्व्ह फिरवले.
खांद्यावर लोखंडी चावी, पुरुषभर उंच.
पहाटे चार-दहाला तुळशेतपाड्याची लाइन सोडायची,
पाच-वीसला बंद.
कुठे किती फेरे, ते वहीत नव्हतं,
मनगटात होतं.

आता त्यांना दिवसाला तीन पेले पाणी.
तेही चहा-आमटी धरून.
मी मापून देते आणि मापताना
त्यांच्याकडे बघत नाही.

किडन्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली.
मंगळ, गुरू, शनि मुलुंडला, चार-चार तास यंत्रावर.
नळाला पाणी यायच्या आधी
पाइपात हवा वाजते ना,
तसा डाव्या हातातला फिस्टुला घरघरतो.
रात्री मी कान लावते.
वाजतोय, म्हणजे लाइन चालू.

मग धाप सुरू झाली. आधी जिन्यात,
नंतर नुसतं कुशीवर वळताना.
परळच्या इस्पितळात सर्जनबाई म्हणाल्या,
हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साचलंय,
धड उघडतच नाही.
हे म्हणाले, क्षार धरलाय म्हणा की.
बोअरच्या पाण्याने धरतो तसा.
बाई हसल्या,
आणि पेन खाली ठेवून नीट बोलायला लागल्या.

धातूची बसवली तर झिजायची नाही,
पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर,
आणि ह्यांना आठवड्यातून तीनदा सुया.
जनावराच्या कातडीची बसवली
तर गोळीचा जाच कमी,
पण डायलिसिसवाल्यांच्या अंगात
तिलाही क्षार लवकर धरतो.
आणि काहीच न करता घरी नेलं तर?
तेव्हा त्यांनी नुसता चष्मा पुसला.

शंभरातले किती, मी विचारलं.
महिन्याभराचा आकडा त्यांनी सांगितला,
दोन वर्षांचाही सांगितला.
पाच वर्षांचा मी विचारला नाही.
ती शंभर माणसं मला दिसायला लागली,
टँकरपुढे हंडे लावून उभी,
आणि ह्यांचा हंडा कुठे ठेवलाय
ते मलाच आठवेना.

बाहेर चहाच्या टपरीशी हे म्हणाले,
लोक विचारायचे, मढवी, आज पाणी किती वेळ?
मी सांगायचो,
बाबांनो, चावी माझ्याकडे आहे, तलाव नाही.
अर्धा कप चहा त्यांनी मला दिला.
तो अर्धा कप मी त्या दिवसाच्या हिशेबात धरला नाही.

कातडीची बसवली.
सासूबाईंना सांगितलं नाही कुठल्या जनावराची.
तेवीस दिवस अतिदक्षता,
मधे दोनदा ताप, एकदा छातीत पू,
एका रात्री रक्तदाब इतका खाली
की यंत्र लावायचं का नाही
यावर तीन डॉक्टर माझ्यासमोरच भांडले.
ते भांडले याचं मला बरं वाटलं.

चार नंबरच्या खुर्चीवरच्या ग्रेशस मिनेझिसनं
त्याच महिन्यात धातूची बसवून घेतली होती.
रात्री टिकटिक ऐकू येते म्हणायचा,
बायको घड्याळ शोधत बसते.
गणपतीत त्याच्या डोक्यात रक्त उतरलं.
खुर्चीवर आता एक कॉलेजची मुलगी बसते,
कानात वायरी घालून.
आम्ही तिला अजून काही सांगितलेलं नाही.

सोळा महिने झाले.
जिना दोन दमांत चढतात.
परवाच्या इकोवर बाईंनी
एका जागी पेनाने बारीक गोल केला
आणि लिहिलं, सहा महिन्यांनी पुन्हा.
शंभरातले आम्ही कितवे, कोण जाणे.

गजराशिवाय चारला जाग येते त्यांना.
नाक्यावर नवा पोरगा चावी लावतो,
झाकण आदळल्याचा आवाज होतो,
हे अंधारात फेरे मोजतात.
आज एकदम उठून बसले.
अगं जा, सांग त्याला,
इतक्या झपाट्यानं नको सोडू.
जुनी लाइन आहे. सावकाश उघड म्हणावं.

गाउनवर ओढणी टाकून
मी खाली उतरते.